कड्यावरचे पाणी, कड्याखालचे रान

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्येकडील म्पुमलांगा प्रांतात चार मित्रांनी मिळून मोटार भाड्याने घ्यावी, साबी आणि ग्रास्कॉप या गावांभोवतालचे धबधबे पाहावेत आणि मग खाली उतरून क्रूगर राष्ट्रीय उद्यानात हत्ती-सिंहांच्या शोधात काही दिवस काढावेत, हा प्रवासक्रम आता जगभरच्या पर्यटकांच्या परिचयाचा झाला आहे. सहलींच्या माहितीपत्रकांत मात्र या प्रवासाचे दोन भाग वेगवेगळे मांडलेले असतात, आधी निसर्गसौंदर्य आणि नंतर वन्यजीव, आणि त्यामुळे हे दोन्ही भाग केवळ नकाशावर शेजारी असल्याने एकत्र बांधले गेले असावेत असा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. ज्या कड्याने येथील धबधबे घडवले, त्याच कड्याने खालच्या प्रदेशाचे हवामान, तेथील रोगराई आणि त्या ओघाने तेथील मनुष्यवस्तीही ठरवली. आणि ती वस्ती दीर्घकाळ विरळ राहिली, हे तेथे मोठे प्राणी टिकून राहण्याचे एक प्रमुख कारण ठरले.

हा कडा समजून घेणे मराठी वाचकाला फारसे अवघड जाऊ नये. दक्षिण आफ्रिकेचा अंतर्भाग हे एक उंच, गवताळ पठार असून त्याला तेथे ‘हायवेल्ड’ म्हणतात. जोहान्सबर्ग शहर या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंचीवर वसलेले आहे. पूर्वेकडे जाता जाता हे पठार एकाएकी तुटते आणि त्याच्या पायथ्याशी ‘लोवेल्ड’ हा उष्ण, झुडपी, सखल प्रदेश सुरू होतो, ज्याची उंची क्रूगर उद्यानाच्या दक्षिण भागात अनेक ठिकाणी तीनशे मीटरांच्या आसपास आहे. देश, घाटमाथा आणि तळकोकण ही जी रचना सह्याद्रीत आहे, तीच येथे आरशात पाहावी तशी उलट दिशेने मांडलेली आहे, कारण सह्याद्रीची भिंत पश्चिमेला तोंड करून उभी आहे, तर ही पूर्वेला. दोन्हींचे मूळही एका अर्थाने सामाईक आहे: भारत आणि आफ्रिका हे दोन्ही भूभाग ज्या गोंडवन महाखंडाचे अंश होते, तो महाखंड फुटताना नव्या किनाऱ्यांलगतची जमीन उंचावली गेली आणि पुढे कोट्यवधी वर्षांच्या झिजेने ती कड आत आत सरकत आजच्या जागी येऊन ठेपली. खडक मात्र अगदी भिन्न आहेत. सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, तर ग्रास्कॉपच्या कड्याचा खडक अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे पृथ्वीवर डोळ्यांना दिसेल असा एकही प्राणी नव्हता त्या काळातला आहे.

या खडकांत दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. पहिला क्वार्टझाइट, म्हणजे वाळूचे कण उष्णता आणि दाब यांमुळे एकमेकांत घट्ट मुरून बनलेला अतिशय कठीण खडक. दुसरा डोलोमाइट, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या कार्बोनेटचा, चुनखडकाच्या जातकुळीतला खडक, जो प्राचीन उथळ समुद्रात सूक्ष्म नीलहरित जीवाणूंच्या थरांवर थर साचून तयार झाला. कठीण थर वर आणि त्यामानाने मऊ थर खाली अशी मांडणी असली की नदीचे पाणी वरच्या थराला सहजासहजी कापू शकत नाही, पण खालचा थर पोखरत राहते, त्यामुळे उभा कडा कायम राहतो आणि धबधब्याचे रूपांतर उतरत्या खळखळाटात होत नाही. हिंदी महासागरावरून येणारे दमट वारे या भिंतीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि ऑक्टोबर ते मार्च या तेथील उन्हाळ्यात कड्याच्या माथ्यावर भरपूर पाऊस पाडतात. काही ठिकाणी वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून मोटारीने दीड-दोन तासांच्या अंतरावरील लोवेल्डच्या वाट्याला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच पाऊस येतो. कड्यावर धुके आणि पाणी, कड्याखाली ऊन आणि काटेरी झुडपे, हा सगळा फरक या एका उतारावर आहे.

जोहान्सबर्गहून निघणारा एन-४ महामार्ग पहिले दीड-दोन तास तरी डोळ्यांना काही देत नाही. एमलाहलेनी, म्हणजे पूर्वीचे विटबँक, या शहराभोवती कोळशाच्या खाणी, औष्णिक वीजकेंद्रांची धुराडी आणि कोळसा वाहणाऱ्या मालमोटारींच्या रांगा लागतात, आणि बहुतेक प्रवासी हा टप्पा कसाबसा उरकून पुढे जातात. परंतु ऑलिफंट्स ही क्रूगर उद्यानातून वाहणारी मोठी नदी याच कोळसापट्ट्यातून उगम पावते, ही गोष्ट येथेच लक्षात ठेवलेली बरी. पुढे बेलफास्टजवळ महामार्ग सोडून डलस्ट्रूममार्गे माशिशिंगकडे, म्हणजे जुन्या लायडनबर्गकडे, वळले की डोंगर सुरू होतात. या परिसरात मातीची भाजलेली मानवी मुंडकी सापडली असून ती इसवी सनाच्या ५०० च्या सुमाराची मानली जातात. आणि येथील डोंगरउतारांवर बोकोनी नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेतकरी समाजाने सोळाव्या शतकापासून पुढे रचलेल्या दगडी गडग्यांचे, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचे आणि गुरे हाकण्यासाठी दोन्ही बाजूंनी भिंती घातलेल्या वाटांचे अवशेष दूरवर पसरलेले आहेत. युरोपीय येण्यापूर्वी हा मुलूख रिकामा होता, ही वसाहतकाळात मुद्दाम रुजवलेली समजूत खोटी ठरवायला एवढे दगड पुरेसे आहेत. त्याचबरोबर ही दाट वस्ती थंड कड्यावर होती, खालच्या उष्ण सखल भागात नव्हे, हेही येथे नोंदवावे लागते.

माशिशिंगहून साबीकडे उतरणारा लाँग टॉम घाट समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून उंच जातो आणि त्याचे नाव १९०० साली माघार घेणाऱ्या बोअर सैन्याने इंग्रजांविरुद्ध येथे वापरलेल्या लांब पल्ल्याच्या फ्रेंच तोफांवरून पडले आहे. बोअर म्हणजे दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या, मुख्यतः डच वंशाच्या शेतकऱ्यांचा समाज. घाट धुक्यात असेल तर दिवे लावून सावकाश उतरावे लागते, आणि उन्हाळ्यात तो बहुधा धुक्यात असतोच.

साबीच्या परिसरातील धबधब्यांपैकी लोन क्रीक हा ६८ मीटर उंचीवरून एकाच धारेने कोसळणारा धबधबा सर्वांत देखणा मानायला हरकत नाही. त्याच्या तळाशी नेणारी सावलीची पायवाट छोटी आणि सोपी असून तुषारांनी भिजलेल्या त्या घळीत मूळच्या जंगलाचा एक तुकडा अजून टिकून आहे. साबी-ग्रास्कॉप रस्त्यालगतचा सुमारे ६५ मीटरांचा मॅक मॅक धबधबा दोन धारांनी पडतो, पण त्याची मूळ धार एकच होती. १८७३ मध्ये जवळच्या पिलग्रिम्स रेस्ट येथे ओढ्याच्या गाळात सोने सापडल्यावर देशोदेशीचे खणकरी या डोंगरांत लोटले, आणि धबधब्याच्या माथ्यावरील सोन्याचा थर हाती लागावा म्हणून त्यांनी सुरुंग लावला, त्यात कड फुटून प्रवाह दुभंगला. लोभाने निसर्गाचे वाटोळे केल्याची उदाहरणे जगात कमी नाहीत. त्या उद्योगातून छायाचित्रकारांची सोय झाल्याचे मात्र हे विरळा उदाहरण म्हणावे लागेल. ग्रास्कॉपच्या उत्तरेला आर-५३२ या रस्त्यावर लिस्बन आणि बर्लिन हे धबधबे लागतात. त्यांपैकी लिस्बन ९० मीटरांहून उंच असून प्रांतातील सर्वांत उंच धबधब्यांत गणला जातो, आणि त्याच्या अनेक धारा एका अर्धवर्तुळाकार कड्यावरून वेगवेगळ्या पडतात, त्यामुळे पाणी कमी असतानाही तो निराश करत नाही. पिलग्रिम्स रेस्ट हे पत्र्याच्या घरांचे गाव खाणी बंद झाल्यावर जवळजवळ जसेच्या तसे जतन करण्यात आले असून तेथे दोन तास पुरतात.

धबधब्यांच्या या पट्ट्यात फिरताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते, ती ही की आजूबाजूचे हिरवेगार डोंगर म्हणजे जंगल नव्हे. मैलोन्मैल एका ओळीत, एका उंचीचे उभे असलेले पाइन आणि निलगिरीचे वृक्ष ही लागवड आहे, जिची सुरुवात खाणींतील बोगद्यांना टेकू देण्यासाठी लागणाऱ्या लाकडाच्या मागणीतून झाली आणि जी पुढे कागद आणि इमारती लाकूड यांच्या उद्योगामुळे वाढत गेली. मुळात हा भाग बराचसा डोंगरी गवताळ होता, आणि गवत जेवढे पाणी पिते त्यापेक्षा बारमाही हिरवी राहणारी, खोल मुळांची परदेशी झाडे कितीतरी अधिक पाणी जमिनीतून ओढून हवेत सोडतात, त्यामुळे ओढ्यांना मिळणारे पाणी घटते. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या राष्ट्रीय जलकायद्याने म्हणूनच व्यापारी वनलागवडीला ‘प्रवाह घटवणारी कृती’ असे स्पष्टपणे ठरवून तिला परवान्याच्या कक्षेत आणले, आणि नदीतील पाण्याचा काही वाटा माणसाच्या मूलभूत गरजांसाठी आणि काही वाटा खुद्द नदीच्या जिवंतपणासाठी आधी राखून ठेवावा, उरलेल्याचे वाटप नंतर करावे, असे तत्त्वही घालून दिले. झाडे लावणे हे नेहमीच पुण्यकर्म असते असे मानणाऱ्यांनी साबीच्या डोंगरांत थोडा वेळ थांबून विचार करावा, इतका हा मुद्दा मोलाचा आहे.

ग्रास्कॉपच्या उत्तरेला बर्क्स लक येथे ट्रूर आणि ब्लाइड या नद्यांचा संगम असून पात्रातील भोवऱ्यांत अडकलेले गोटे वर्षानुवर्षे घरंगळत राहिल्याने खडकात खोल, गोलाकार विहिरींसारखे रांजणखळगे तयार झाले आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात ज्यांनी रांजणखळगे पाहिले असतील, त्यांना या प्रक्रियेचे नवल वाटणार नाही. येथे नवल आहे ते पिवळ्या-तांबूस खडकाच्या रंगाचे आणि खळग्यांच्या खोलीचे. संगमाच्या पुढे ब्लाइड नदीची दरी सुरू होते, जी सुमारे २५ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ७०० मीटरांहून अधिक खोल आहे, आणि जिच्या काठावर थ्री राँडाव्हेल्स ही गवती छपराच्या गोल झोपड्यांसारखी दिसणारी तीन शिखरे उभी आहेत. याच दरीत, धरणाच्या जलाशयात होडीने गेल्यावर, कादिशी हा वेगळ्याच जातीचा धबधबा पाहायला मिळतो. डोलोमाइटमधून झिरपताना पाण्यात विरघळलेला चुना हवेशी संपर्क येताच पुन्हा खडकावर साचत जातो, आणि अशा साचलेल्या सच्छिद्र थराला ‘टूफा’ म्हणतात. म्हणजे इतर धबधबे कडा झिजवतात, तर हा धबधबा स्वतःखालचा कडा रोज थोडाथोडा बांधत असतो.

ग्रास्कॉपहून हेझीव्ह्यूकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका तासाच्या आत हवा बदलते, पाइन मागे पडतात, केळी आणि मॅकाडेमियाच्या बागा लागतात आणि अंगावरचा स्वेटर काढावा लागतो. कड्याच्या माथ्यावरील गॉड्स विंडो या ठिकाणाहून निरभ्र दिवशी हा सारा सखल प्रदेश पूर्वेकडील लेबोम्बो टेकड्यांपर्यंत पसरलेला दिसतो, आणि त्या टेकड्यांपलीकडे मोझांबिक आहे. एकोणिसाव्या शतकात या सखल प्रदेशात युरोपीय शिकारी आणि व्यापारी हिवाळ्यातच उतरत, कारण उन्हाळ्यात हिवताप त्यांचा जीव घेई. त्याहून मोठा अडसर त्सेत्से माशीचा होता. ही रक्तशोषक माशी चावल्याने गुरांना आणि घोड्यांना ‘नगाना’ नावाचा जीवघेणा रोग होतो, पण आफ्रिकेतील रानटी प्राणी हजारो पिढ्यांच्या सहवासामुळे त्या रोगाचे जंतू अंगात बाळगूनही सहसा मरत नाहीत. जेथे बैल जगत नाही तेथे नांगर आणि गाडी पोहोचत नाही, आणि जेथे घोडा जगत नाही तेथे बंदूकधारी स्वार दूरवर जाऊ शकत नाही. म्हणून एका माशीने जे राखले ते कोणत्याही सरकारी फर्मानाने राखले नसते.

पुढे ही राखणही संपली, आणि तीही एका रोगानेच. आशियातून आलेल्या जनावरांबरोबर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेत शिरलेली बुळकांडी १८९६ साली ट्रान्सवाल या येथील बोअर राज्यात पोहोचली आणि तिने गुरांबरोबर रानम्हशी आणि कुडूसारखी रानटी खुरी जनावरेही अल्पावधीत संपवली. रक्तासाठी प्राणीच न उरल्याने लोवेल्डमधील त्सेत्से माशीही नाहीशी झाली. तोपर्यंत गोऱ्या शिकाऱ्यांनी हस्तिदंत आणि कातडी यांसाठी उरलेसुरले रान उजाड करत आणले होते, आणि माशी गेल्याने आता शेती व पशुपालन यांचा मार्गही मोकळा झाला होता. अशा वेळी राष्ट्राध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या बोअर सरकारने १८९८ मध्ये साबी आणि क्रोकोडाइल या नद्यांमधील पट्टा राखीव घोषित केला. पाठोपाठ युद्ध झाले, राज्य इंग्रजांकडे गेले, आणि १९०२ मध्ये नेमलेले जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हे स्कॉटिश लष्करी अधिकारी पुढे १९४६ पर्यंत या रानाचे मुख्य रखवालदार राहिले. उद्यानाचे मुख्यालय असलेल्या स्कुकूझा या ठिकाणाला त्यांच्याच स्थानिक टोपणनावाने ओळखले जाते. राखीव क्षेत्र साफ करण्याच्या नावाखाली तेथील त्सोंगा आणि स्वाझी कुटुंबांना हुसकावण्यात आले, ही त्यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजू होय, आणि हेच पुढे अधिक क्रूरपणे १९६९ मध्ये उत्तर टोकाच्या माकुलेके समाजाच्या बाबतीत घडले. वर्णभेदी राजवट संपल्यानंतर १९९८ मध्ये माकुलेकेंना त्यांची जमीन परत मिळाली. तिच्यावर पुन्हा शेती न करता ती उद्यानातच ठेवून पर्यटनाचे उत्पन्न आपण घ्यायचे, असा मार्ग त्यांनी निवडला.

क्रूगर राष्ट्रीय उद्यान ३१ मे १९२६ रोजी स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी तीन मोटारींनी तेथील पर्यटन सुरू झाले. आज उद्यानाचे क्षेत्र १९,४८५ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा आणि बफर मिळून होणाऱ्या एकूण क्षेत्राच्या सुमारे अकरापट. ताडोबात पर्यटकाला परवान्याच्या जिप्सीतून, वाटाड्यासह, ठरलेल्या वेळी आत जावे लागते. क्रूगरमध्ये मात्र स्वतःची मोटार स्वतः चालवत दिवसभर फिरता येते, आणि मित्रांच्या सहलीला हे उद्यान इतके मानवते त्याचे कारण हेच आहे. वाहतूक भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने असल्याने मराठी चालकाला फारसे परके वाटत नाही. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर ही वेगमर्यादा असून ती काटेकोरपणे पाळवून घेतली जाते. त्यामुळे ९०-१०० किलोमीटरच्या अंतराला थांबत थांबत अर्धा दिवस सहज लागतो. नेमून दिलेल्या जागा वगळता मोटारीतून उतरण्यास सक्त मनाई आहे. त्यामागचे कारण साधे आहे: प्राणी मोटार आणि तिच्यातील माणसे यांना मिळून एकच, नित्याची आणि निरुपद्रवी वस्तू समजतात, पण दार उघडून माणूस बाहेर आला किंवा छतातून अर्धा वर निघाला की ती समजूत तुटते आणि सिंह एकतर पळतो किंवा त्याहून वाईट काही करतो.

प्राणी दिसणे बरेचसे नशिबावर असले, तरी भूगोल जाणणाऱ्याचे नशीब जरा बरे असते. उद्यानाचा पश्चिम भाग ग्रॅनाइटच्या वालुकामय, हलक्या मातीचा असून त्यावर झुडपे दाट आणि गवत कमी सकस असते, तर पूर्व भागाखाली सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट आहे, ज्याच्यापासून विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीसारखी चिकण माती होते आणि तिच्यावर गोड, पौष्टिक गवत वाढते. झेब्रा, वाइल्डबीस्ट आणि रानम्हशी यांचे मोठे कळप म्हणून पूर्वेकडे जमतात, आणि त्यांच्यामागे सिंह येतात. या मैदानांच्या मध्यभागी असलेल्या निवासी तळाचे नाव चक्क सातारा आहे. जमीनमोजणीच्या काळात एका भारतीय मदतनीसाने सतराव्या क्रमांकाच्या शेताला ‘सत्रा’ म्हटल्यावरून ते रूढ झाले असे तेथे सांगितले जाते, म्हणजे अजिंक्यताऱ्याशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह आवरावा लागतो. बिबट्या हवा असेल तर स्कुकूझा ते लोअर साबी हा नदीकाठचा एच ४-१ रस्ता उत्तम, कारण साबी नदी बारमाही आहे आणि तिच्या काठच्या उंच वृक्षांच्या आडव्या फांद्या शिकार वर नेऊन ठेवायला सोयीच्या असतात. लोअर साबीजवळच्या सनसेट डॅम या छोट्या तळ्यावर पाणघोडे, मगरी आणि बगळे-करकोचे मोटार न हलवता तासभर पाहता येतात.

सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस या ‘बिग फाइव्ह’च्या यादीमागे लागून सहल वाया घालवणारे गट तेथे पुष्कळ दिसतात. ही यादी मुळात शिकाऱ्यांची आहे, पायी शिकार करताना सर्वांत धोकादायक ठरणाऱ्या प्राण्यांची. तिच्यात जिराफ नाही, चित्ता नाही, आणि आफ्रिकेतील अत्यंत दुर्मीळ शिकारी प्राण्यांपैकी एक असलेला ठिपकेदार रानकुत्राही नाही. हत्ती तर शोधावा लागत नाही. १९६७ ते १९९४ या काळात हत्तींची संख्या सात हजारांच्या आसपास राखण्यासाठी दरवर्षी काही हत्ती ठार केले जात, ते बंद झाल्यापासून संख्या कित्येक पटींनी वाढली आहे आणि रस्त्याकडेची मोडलेली झाडे त्याची साक्ष देतात. कानशिलाजवळून द्रव पाझरणारा, माजावर आलेला एकटा नर दिसल्यास इंजिन चालू ठेवून, दूरवरूनच मागे सरकणे हाच शहाणपणा. गेंड्याची कथा उलट आहे. या भागातून नामशेष झालेला पांढरा गेंडा १९६१ पासून नाताळ प्रांतातून आणून पुन्हा वसवण्यात आला, २०१० च्या सुमारास त्याची संख्या दहा हजारांच्या घरात गेली, आणि पुढच्या दहा वर्षांत शिंगांसाठी झालेल्या चोरट्या शिकारीने ती एक तृतीयांशाच्याही खाली आणली. प्रत्येक तळावर त्या दिवशी कोणते प्राणी कोठे दिसले ते दाखवणारा फलक असतो. गेंड्याचे ठिकाण त्यावर दाखवले जात नाही.

उद्यान कितीही मोठे असले तरी ते स्वयंपूर्ण नाही, हे त्याच्या सीमेवरील कुंपणाने आणि नद्यांनी वारंवार सिद्ध केले आहे. लाळ्या-खुरकूत रोग रानम्हशींकडून गुरांकडे जाऊ नये म्हणून १९६१ मध्ये पश्चिम सीमेवर कुंपण घातले गेले आणि पाण्यासाठी कड्याच्या दिशेने स्थलांतर करणाऱ्या वाइल्डबीस्टच्या कळपांची वाट तुटली; ते मोठ्या संख्येने मेले. नद्यांना कुंपण घालता येत नाही, पण त्या वरचे पाप खाली आणतात. कोळसापट्ट्यात उगम पावणारी ऑलिफंट्स खाणींतील आम्लयुक्त पाणी आणि शहरांतील सांडपाणी घेऊन येते, आणि २००८ मध्ये तिच्या उद्यानातील घळीत शंभराहून अधिक मगरी शरीरातील चरबी कडक होण्याच्या विकाराने मेलेल्या आढळल्या. उद्यानात शिरण्यापूर्वी या नदीला जी स्वच्छ, बारमाही उपनदी येऊन मिळते आणि तिचे पाणी बरेच सौम्य करते, ती म्हणजे ब्लाइड. बर्क्स लकच्या खळग्यांतून आणि बर्लिन-लिस्बनच्या ओढ्यांतून वाहणारे पाणीच ऑलिफंट्स तळाच्या उंच सज्ज्यावरून दिसणाऱ्या पाणघोड्यांना जगवते. लोन क्रीक आणि मॅक मॅकचे पाणी तसेच साबी नदीत जाते आणि तिच्या काठच्या बिबट्यांना सावली देणारी झाडे उभी ठेवते.

सहल आखताना या साऱ्यातून एक अडचण उभी राहते. धबधबे भरभरून पाहायचे तर फेब्रुवारी-मार्च हवा, पण त्या वेळी लोवेल्डमध्ये गवत पुरुषभर उंच, पाणी जागोजागी आणि प्राणी पांगलेले असतात. प्राणी पाहायचे तर ऑगस्ट-सप्टेंबर हवा, जेव्हा झाडे निष्पर्ण होतात आणि साऱ्या वाटा उरल्यासुरल्या पाणवठ्यांकडे जातात, पण तेव्हा कड्यावरच्या धारा बारीक झालेल्या असतात आणि लागवडींतील वणव्यांचा धूर दरीवर पसरलेला असतो. दोन्ही हवे असणाऱ्याने एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा मध्य हा काळ निवडावा, आणि महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी त्याच काळात पडते. दिवाळीच्या सुट्टीत गेल्यास नुकताच सुरू झालेला पाऊस आणि मध्यम धबधबे मिळतात, पण हिवतापाचा धोका वाढलेला असतो. तो धोका कोणत्याही ऋतूत पूर्ण टळत नसल्याने प्रतिबंधक गोळ्यांविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आगाऊ काढावा लागतो, आणि नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणाऱ्यांनी पीतज्वराच्या लसीच्या नियमांची खातरजमा करून घ्यावी.

एका मोटारीत चौघांहून अधिक नसावेत, कारण मधल्या जागेवर बसलेल्याला खिडकी मिळत नाही आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे तोंड फुगते. सात रात्री हाताशी असतील तर दोन ग्रास्कॉपला आणि पाच क्रूगरमध्ये, त्याही किमान दोन तळांवर विभागून, काढाव्यात. उद्यानाच्या सरकारी निवासांपैकी लोअर साबी, सातारा आणि ऑलिफंट्स येथील खोल्या कित्येक महिने आधी भरतात, त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी या तीन तळांचे आरक्षण मिळते का ते पाहावे आणि त्या तारखांभोवती बाकीची सहल बसवावी.